संचालक मंडळातल्या दोन रिकाम्या खुर्च्या : केंद्रीय अर्थमंत्र्यांना खुले पत्र

मा. केंद्रीय अर्थमंत्री,
भारत सरकार, नवी दिल्ली

महोदया,


१९७० च्या बँक राष्ट्रीयीकरण कायद्याचे नववे कलम आपल्या खात्यातल्या अधिकाऱ्यांना तोंडपाठ असेल. राष्ट्रीयीकृत बँकेच्या संचालक मंडळावर कोण कोण असलेच पाहिजे, याची यादी त्या कलमाच्या तिसऱ्या पोटकलमात आहे. पूर्णवेळ संचालक, केंद्र सरकारचा अधिकारी, रिझर्व्ह बँकेच्या शिफारशीने येणारा संचालक, सनदी लेखापाल, भागधारकांचे प्रतिनिधी. याच यादीत आणि याच मानाने आणखी दोघे बसतात. त्यांपैकी एक बँकेतल्या लिपिक-शिपाई वर्गातला, म्हणजे कायद्याच्या भाषेत कामगार, दुसरा अधिकाऱ्यांपैकी. दोघांनाही नेमायचे केंद्र सरकारने. १९८० साली ज्या सहा बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले त्यांच्या कायद्यातही हेच आहे आणि स्टेट बँकेच्या १९५५ च्या कायद्यातही कर्मचाऱ्यांसाठी अशा जागा आहेत.

बहुतेक सरकारी बँकांत या दोन खुर्च्या गेली दहाएक वर्षे रिकाम्या राहिल्या. बँक कर्मचाऱ्यांच्या नऊ संघटनांच्या संयुक्त मंचाने २४ आणि २५ मार्च २०२५ रोजी संपाची हाक दिली होती. संपाच्या मागण्यांत पाच दिवसांचा आठवडा आणि नोकरभरती यांच्या जोडीने ‘कामगार आणि अधिकारी संचालकांची पदे भरा’ हीही मागणी होती. संप पुढे ढकलला गेला. लोकांत चर्चा झाली ती पाच दिवसांच्या आठवड्याची. ते साहजिकच आहे, शनिवारी बँक उघडी की बंद हे सगळ्यांना कळते. संचालक मंडळाच्या खोलीत कोण बसले नाही, हे कोणाला दिसणार?

मी बँकेत कधी नोकरी केलेली नाही आणि कुठल्या संघटनेचा सभासदही नाही. मी खातेदार आहे. घरातली मुदत ठेव, आईची पेन्शन, गॅसचे अनुदान, सगळे एका सरकारी बँकेत आहे. देशातल्या बारा सरकारी बँकांपैकी पाच बँकांची मुख्यालये महाराष्ट्रात आहेत, चार मुंबईत आणि एक पुण्यात. तेव्हा हे पत्र मराठीतून आले याचे आपल्याला आश्चर्य वाटू नये. पत्रामागे माझा स्वार्थ आहे आणि तो आधीच सांगून टाकतो : ज्या खोलीत माझ्या पैशांविषयी ठरते, तिथे गेल्या आठवड्यात काउंटरवर बसलेला निदान एक माणूस असावा.

कारण काय, ते एका रुपयाच्या गोष्टीतून सांगतो.

जनधन योजना २८ ऑगस्ट २०१४ ला सुरू झाली. खाती भराभर उघडली गेली आणि त्यातली पुष्कळशी शून्य शिल्लक असलेली निघाली. टीका सुरू झाली की खाती उघडली खरी, पण त्यात आहे काय? मग शून्य शिल्लक खात्यांचे प्रमाण दर महिन्याला खाली येऊ लागले. सप्टेंबर २०१६ मध्ये इंडियन एक्स्प्रेसने शोध घेऊन छापले की ते प्रमाण खाली आणण्यासाठी कित्येक शाखांत कर्मचाऱ्यांनीच अशा खात्यांत एकेक रुपया भरला होता. कोणी आपल्या भत्त्यातून, कोणी शाखेच्या किरकोळ खर्चातून.

या प्रकाराकडे मी बराच वेळ पाहत राहिलो, कारण यात चोर सापडत नाही. ‘रुपया भरा’ असे कुठल्याही सर्क्युलरमध्ये कोणी लिहिले नसणार. वरून खाली आला तो नुसता प्रश्न : तुमच्या शाखेत शून्य शिल्लक खाती इतकी का? रीजनल ऑफिसच्या व्हिडिओ कॉन्फरन्सवर हा प्रश्न तिसऱ्यांदा आला की शाखा व्यवस्थापकाला काय समजायचे ते समजते. संचालक मंडळापुढे जो तक्ता जातो त्यात आकडा सुधारलेला दिसतो. लेखापरीक्षकाने तपासले तरी त्याला चूक सापडणार नाही. रुपया खरोखर भरलेला आहे, नोंद बिनचूक आहे. म्हणजे तक्ता खरा, हिशेब खरा आणि निष्कर्ष मात्र साफ खोटा. हे सांगू शकणारा माणूस जगात एकच, ज्याने तो रुपया भरला तो. आणि त्याला त्या खोलीत प्रवेश नाही.

मोठ्या संस्थेत माहिती वर जाताना प्रत्येक पायरीवर थोडी इस्त्री होते. शाखेतून रीजनल ऑफिसात, तिथून झोनल ऑफिसात, तिथून मुख्यालयात. प्रत्येक टेबलावरच्या माणसाची बढती त्या आकड्याशी बांधलेली असते, तेव्हा त्याला दोष देण्यातही अर्थ नाही. कर्मचारी संचालक हा या सगळ्या पायऱ्या टाळून वर जाणारा एकमेव रस्ता होता. कायदा करणाऱ्यांच्या मनात हेच होते की आणखी काही, ते मला ठाऊक नाही. पण रस्ता बांधलेला होता आणि तो आपण वापराविना पडू दिला.

दुसरे उदाहरण किमान शिल्लकेच्या दंडाचे. आपल्याच मंत्रालयाने २०२४ च्या जुलैत लोकसभेत दिलेल्या उत्तरातून निघालेला आकडा असा की, २०१९-२० पासूनच्या पाच वर्षांत सरकारी बँकांनी बचत खात्यात किमान शिल्लक न ठेवल्याबद्दल सुमारे ८,५०० कोटी रुपये वसूल केले. स्टेट बँकेने हा दंड २०२० मध्येच बंद केला होता, तेव्हा ही वसुली मुख्यतः बाकीच्या अकरा बँकांची. संचालक मंडळाच्या कागदांत हा पैसा ‘इतर उत्पन्न’ या बिनचेहऱ्याच्या मथळ्याखाली येत असणार. काउंटरवर त्याला चेहरा असतो. जनधन खात्याला दंड नाही, हे खरे. पण गावाकडे कितीतरी गरिबांचे खाते जनधनच्या आधीचे, साधे बचत खाते असते. शिष्यवृत्तीसाठी उघडलेले, पीक विम्यासाठी उघडलेले, रोजगार हमीच्या मजुरीसाठी उघडलेले. वर्षातून दोनदा त्यात पैसे येतात आणि एरवी ते रिकामेच असते.

मग आला २०२४ चा ऑगस्ट. महाराष्ट्रात लाडकी बहीण योजनेचे दीड-दीड हजार रुपये रक्षाबंधनाच्या सुमारास खात्यांत पडू लागले आणि काही बायकांच्या खात्यातून बँकेने जुन्या दंडापोटी त्यातलेच पैसे कापून घेतले. राज्य सरकारला बँकांना सांगावे लागले की या रकमेला हात लावू नका. त्या दिवसांत तालुक्याच्या कुठल्याही शाखेत जाऊन आलेल्याला तिथले दृश्य माहीत आहे : दारापासून रस्त्यापर्यंत बायकांची रांग, आधार लिंक नाही, केवायसी संपलेली, पासबुक छापायचे यंत्र बंद, आणि काउंटरपलीकडे दोन माणसे. त्या दोघांना विचारले असते तर दंडाचे सगळे गणित त्यांनी पाच मिनिटांत सांगितले असते : कोणाची खाती, कशी उघडलेली, दंड कुठून येतो, तो लावल्यावर खातेदार काय करतो. खातेदार करतो काय, तर खात्यात पैसे ठेवणेच सोडून देतो. आले की त्याच दिवशी सगळे काढून घेतो. बँकेला हवी असते स्वस्त ठेव, आणि दंडाने पळते नेमकी तीच.

२०२५ च्या जूनमध्ये कॅनरा बँकेने हा दंड रद्द केला आणि पुढच्या काही आठवड्यांत इतर काही सरकारी बँकांनीही. चांगले झाले. पण पासबुक छापणाऱ्या लिपिकाला जे पहिल्या महिन्यात कळले होते ते मंडळांपर्यंत पोचायला इतकी वर्षे का लागावीत?

विम्याविषयी मी जास्त लिहीत नाही, कारण त्या बाबतीत आपले मत माझ्याहून कडक आहे. बँकांनी गळ्यात मारलेल्या विमा पॉलिसींमुळे कर्जदाराचा खर्च अप्रत्यक्षपणे वाढतो, हे आपण नोव्हेंबर २०२४ मध्ये मुंबईत स्टेट बँकेच्या परिषदेत जाहीरपणे बोलून दाखवले होते. प्रश्न उरतो उपायाचा. आजवरचा उपाय म्हणजे दिल्लीहून आणखी एक सर्क्युलर खाली पाठवणे. ते सर्क्युलर ज्या टेबलावर पोचते त्याच टेबलावर त्याच सकाळी पॉलिसींचे टार्गेटही पोचलेले असते. दोन्हींपैकी कोणते खरे मानायचे, हे त्या टेबलावरच्या माणसाला कोणी सांगावे लागत नाही. त्याऐवजी त्या टेबलावरचा एक माणूस वर बोलवा आणि टार्गेट ठरवणाऱ्यांच्या समोर बसवा.

आता आक्षेप. ते मला माहीत आहेत आणि त्यातला एक तर खरोखर वजनदार आहे.

हलका आधी घेतो. कर्मचारी संचालक आला की पगारवाढीचे भांडण मंडळात आणील, असे म्हणतात. सरकारी बँकांतल्या कर्मचाऱ्यांचे पगार मुळात एकेका बँकेचे मंडळ ठरवतच नाही. १९६६ च्या पहिल्या द्विपक्षीय करारापासून ते काम इंडियन बँक्स असोसिएशन आणि संघटना यांच्यातल्या वाटाघाटींत होते. बारावा करार ८ मार्च २०२४ ला झाला, सतरा टक्के वाढीचा. भांडण आधीच दुसऱ्या खोलीत नेऊन ठेवलेले आहे. राहिल्या बदल्या आणि बढत्या; त्या विषयाला त्याने खोलीबाहेर जावे, जसे हितसंबंध असलेल्या कोणत्याही संचालकाने जायचे असते.

वजनदार आक्षेप असा : हे संचालक जेव्हा बसत होते, तेव्हा त्यांनी काय दिवे लावले? मोठ्या उद्योगसमूहांना ज्या काळात बेफाम कर्जे वाटली गेली, त्या २०१४ पूर्वीच्या वर्षांत कर्मचारी संचालक मंडळांवर होते. ती कर्जे पुढे बुडाली आणि मार्च २०१८ मध्ये सरकारी बँकांचे ढोबळ थकीत कर्ज साडेचौदा टक्क्यांच्या वर गेले. कर्मचारी संचालकांनी ते थांबवले नाही. काहींना तर ती खुर्ची म्हणजे संघटनेतल्या दीर्घ सेवेचे बक्षीस वाटत होती, हेही मी नाकारणार नाही.

यावर माझे म्हणणे असे. पोलाद कारखान्याला दिलेल्या हजारो कोटींच्या कर्जाचा प्रकल्प अहवाल तपासणे हे लिपिकाचे काम नाही आणि त्याने ते केले नाही म्हणून त्याला धारेवर धरण्यात हशील नाही. ज्यांचे ते काम होते, ते सरकारचे, रिझर्व्ह बँकेचे आणि लेखापालांचे प्रतिनिधीही त्याच टेबलाभोवती होते. त्यांनीही थांबवले नाही, आणि त्यांच्या खुर्च्या काढून टाका असे कोणी म्हणत नाही. कर्मचारी संचालकाकडून ज्याची अपेक्षा धरायची ते ज्ञान दुसरे आहे. जनधनचा रुपया, दंडाची खाती, विम्याचे टार्गेट, शाखेचे ठिकाण.

शाखेच्या ठिकाणाचा मुद्दा जरा सुटा वाटेल. १ एप्रिल २०२० ला दहा सरकारी बँकांच्या चार झाल्या, देशव्यापी टाळेबंदी लागून आठवडाच झाला होता. त्याच्या एक वर्ष आधी देना आणि विजया या बँका बडोदा बँकेत गेल्या होत्या. अशा वेळी एकाच बाजारपेठेत एकाच बँकेच्या दोन शाखा होतात आणि एक बंद करायची पाळी येते. कोणती? भाडे आणि व्यवसाय यांचे आकडे कागदावर दिसतात. एसटी स्टँडपासून शाखेपर्यंत म्हाताऱ्या पेन्शनरला किती चालावे लागते, आठवडी बाजाराच्या दिवशी कुठल्या शाखेत लोक येतात, कुठल्या शाखेच्या पायऱ्या उंच आहेत, हे दिसत नाही. विलीनीकरण करावे की नाही यावर कर्मचारी संचालकाने विरोधी मत दिले असते, हे उघड आहे. एका मताने ते अडले नसते, हेही तितकेच उघड. पण विलीन झाल्यावर कुठले दार उघडे ठेवायचे, हे सांगायला त्याच्याइतका जाणता माणूस त्या खोलीत दुसरा नव्हता. तोही नव्हताच म्हणा.

मुळातला दोष कायद्यातच आहे, असे मला वाटते. बँकेची मालकी सरकारकडे आणि कर्मचाऱ्यांच्या प्रतिनिधीला आत घ्यायचे की नाही याची किल्लीही सरकारकडेच. कामगार संचालकासाठी प्रातिनिधिक संघटना तीन नावे देते आणि त्यातले एक सरकार निवडते. सरकारने निवडलेच नाही, तर? त्याचे उत्तर त्या कायद्याखालच्या योजनेत नाही. निवड न करणे हा नकार नसतो, त्यावर सही नसते, कारण द्यावे लागत नाही. फाईल नुसती पडून राहते आणि वर्षे जातात.

जर्मनीत असे होऊ शकत नाही, एवढ्यापुरते तिथले उदाहरण देतो. १९७६ च्या कायद्याने दोन हजारांहून जास्त कर्मचारी असलेल्या कंपन्यांच्या देखरेख मंडळात निम्म्या जागा कर्मचाऱ्यांच्या असतात. त्या निवडणुकीने भरल्या जातात. मालकाने नावे मंजूर करायची वाट कोणी पाहत नाही. आपल्या चाकणमध्ये ज्या फोक्सवॅगनचा कारखाना आहे, तिच्या मूळ कंपनीच्या मंडळात वीसपैकी दहा जागा कर्मचाऱ्यांच्या आहेत. याने सगळे रोग बरे होतात असे नाही. त्याच कंपनीचे २०१५ मध्ये उघड झालेले डिझेल गाड्यांच्या चाचण्यांतल्या लबाडीचे प्रकरण त्या दहा जणांच्या उपस्थितीतच शिजले. पण निदान तिथे कोणाला असे म्हणता येत नाही की आम्हाला खोलीत घेतलेच नव्हते.

आपल्याकडेही शब्दांची कमतरता नाही. उद्योगांच्या व्यवस्थापनात कामगारांचा सहभाग असावा यासाठी राज्याने पावले उचलावीत, हे संविधानाच्या ४३-अ अनुच्छेदात आहे. बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने ते आले, म्हणजे आणीबाणीत, जेव्हा संप करणाऱ्याला तुरुंग दिसत होता. कामगारांना त्या काळात मिळालेली ही भेट विचित्रच म्हणायची. १९९० मध्ये सहभागाचे एक व्यापक विधेयक राज्यसभेत मांडले गेले, त्याचा कायदा कधी झाला नाही. मालक आणि कामगार यांच्या संयुक्त कार्य समित्या १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यापासून आहेत आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेतही आहेत. पण त्या शंभर किंवा जास्त कामगारांच्या आस्थापनेसाठी. आणि त्यांच्या अधिकाराची मर्यादा सर्वोच्च न्यायालयाने १९६० मध्येच आखून दिली आहे : रोजच्या कुरबुरी मिटवा, सेवाशर्तींतल्या मोठ्या बदलांना हात घालू नका. बँकेच्या बहुतेक शाखांत माणसे असतात सहा, आठ, फार तर पंधरा. तिथे कार्य समिती कुठून होणार? देशभर अशा तुकड्या-तुकड्यांत विखुरलेल्या कर्मचाऱ्यांसाठी मंडळातली खुर्ची हीच काय ती जागा आहे.

म्हणून नवा कायदा करा असे मी म्हणत नाही. आहे त्या कायद्याखालच्या योजनेत एक ओळ घाला : नावे आल्यापासून ठरावीक आठवड्यांत सरकारने निवड केली नाही, तर यादीतले पहिले नाव नेमले गेले असे समजावे. संघटनांकडूनही काही मागा, आणि ते मोकळेपणाने मागा. तीन नावे पदाधिकाऱ्यांच्या बैठकीत ठरू नयेत, सभासदांच्या गुप्त मतदानाने ठरावीत. त्यातला निदान एक उमेदवार असा असावा जो आजही शाखेत काउंटरवर काम करतो. वर्षानुवर्षे संघटनेच्या कामासाठी मोकळा सोडलेला नेता हा काउंटरपासून जवळजवळ अध्यक्षांइतकाच लांब गेलेला असतो. निवडून आलेल्याला ताळेबंद वाचायचे शिक्षण द्या आणि बैठकीचे कागद आठवडाभर आधी, त्याला समजतील अशा भाषेत द्या. चारशे पानांचा गठ्ठा आदल्या रात्री हाती ठेवून कोणालाही मुका करता येते, सनदी लेखापालालासुद्धा.

आणि एक मागणी खातेदार म्हणून. बँकेच्या वार्षिक अहवालात अध्यक्षांच्या मनोगताला पाने असतात, रंगीत छायाचित्रे असतात. त्यात एक पान या दोन संचालकांना द्या. खातेदाराच्या गुपितांना आणि मंडळाच्या गोपनीय चर्चेला धक्का न लावता, वर्षभरात काउंटरवर काय दिसले, ते त्यांनी स्वतःच्या शब्दांत लिहावे. व्यवस्थापनाने त्याला हात लावू नये. मी अहवालाची बाकीची पाने उघडीनच असे नाही, हे पान जरूर वाचीन.

यातले सगळे लगेच होणार नाही, हे मला कळते. एक गोष्ट मात्र संसदेच्या येत्या अधिवेशनात होऊ शकते. बाराही सरकारी बँकांचा एक तक्ता सभागृहापुढे ठेवा : बँकेचे नाव, कामगार संचालकाची जागा कोणत्या तारखेपासून रिकामी, अधिकारी संचालकाची कोणत्या तारखेपासून, संघटनेकडून नावे कधी मागवली, ती कधी आली, आणि आज फाईल कोणाच्या टेबलावर आहे. बारा ओळींचा तक्ता होईल. एखाद्या बँकेत जागा भरलेली असेल, तर तेही त्यात दिसेल आणि मला आनंद होईल. शेवटचा रकाना रिकामा सोडू नये, एवढी विनंती.

आपला,
सरकारी बँकेचा एक खातेदार
महाराष्ट्र